मदत हवी आहे: एपानेटमध्ये प्रेशर टाकी कशी दाखवायची?

नमस्कार मंडळी,

जावळी तालुक्यातल्या एका वाडीच्या नळपाणी योजनेचं मॉडेल एपानेट २.२ (पाइपांच्या जाळ्यातला प्रवाह आणि दाब काढणारं सॉफ्टवेअर) मध्ये करतोय. वाडी डोंगरउतारावर आहे. जमिनीवरची जुनी टाकी ७०५ मीटरवर, तिच्या खालच्या घरांना उतारानं पाणी जातं, तिथे तक्रार नाही. वरच्या आळीत चाळीसेक घरं, सगळ्यात वरचं ७१७ वर. उंच टाकी बांधायला ना जागा ना पैसा. म्हणून जुन्या टाकीशेजारीच बूस्टर पंप आणि १००० लिटरची फुग्याची प्रेशर टाकी बसवायचं ठरलंय. फुग्यात हवा १.८ किलो दाबाची (१ किलो म्हणजे साधारण १० मी. उंच पाण्याचा दाब), २ किलोला मोटर चालू, ३.५ ला बंद.

अडचण अशी की एपानेटमधली टाकी उघड्या तोंडाची. खऱ्या मापानं दाखवली तर प्रेशर टाकीतल्या पाण्याच्या उंचीइतकंच येतं. रिझर्व्हॉयर (कधी न संपणारा, कायम एकाच पातळीचा साठा) करून ७४० मी. हेड (पाण्याच्या पातळीची उंची) दिला तर आळीला चोवीस तास फुकटचं पाणी आणि पंप चालूच होत नाही! सध्या तळ ७२५ (७०५ अधिक २० मी.), कमाल पातळी १५ मी. आणि त्यात ३१४ लिटर बसतील असा १६३ मिमी व्यास दिलाय. चालतं, पण मध्येच निगेटिव्ह प्रेशरचा इशारा येतो. पातळीचा आलेख तर कसलाच मेळ नसलेला: एका तासाला ३ मी., पुढच्या तासाला ११, मग ४.

वॉटरजेम्स या विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी तयार घटक आहे हे माहीत आहे. लायसन्स परवडत नाही, त्यामुळे तो सल्ला कृपया नको. 😀

प्रतिसाद

कल्पना बरोबर आहे, तळ तेवढा खाली घ्या. तुमच्या मॉडेलमध्ये मोटर चालू होण्याची पातळी आणि टाकी रिकामी होण्याची पातळी एकच आहे. टाकी किमान पातळीला टेकली की एपानेट तिच्यातून बाहेर जाणारा प्रवाह बंद करतं. त्या क्षणी मागणी पंपापेक्षा जास्त असली की सगळा भार एकट्या पंपावर येतो आणि इशारा झळकतो. खऱ्या टाकीत २ किलोच्या खालीही थोडं पाणी असतं, ते संपतं १.८ ला. म्हणून तळ ७२३ धरा. मोटर २ मी. ला चालू, १७ मी. ला बंद, कमाल पातळी २० मी.

व्यासाच्या जागी व्हॉल्यूम कर्व्ह (कुठल्या पातळीला किती पाणी, त्याचा तक्ता) द्या. हवा दाबली जाते ती बॉइलच्या नियमानं, सरळ रेषेत नाही. नियमात दाब निरपेक्ष घ्यायचा, म्हणजे गेजच्या आकड्यात वातावरणाचा दाब मिळवायचा. पुस्तकात १०.३ मी. असतो, तो समुद्रसपाटीचा. तुमच्याकडे ७०० मीटर उंचीवर साधारण ९.५ धरा. प्रीचार्ज (रिकाम्या टाकीतल्या हवेचा दाब) १८ + ९.५ = २७.५. मग तळापासून h मीटर पातळीला पाणी = १००० × (१ − २७.५ ÷ (२७.५ + h)) लिटर.

२ मी. ला ६८, ७ ला २०३, १२ ला ३०४, १७ ला ३८२, २० ला ४२१. ० पासून सुरुवात करा आणि कर्व्ह कमाल पातळीपर्यंत न्या. आकडे घनमीटरमध्ये भरायचे, हे विसरलात तर टाकी धरणाएवढी होईल. ३८२ वजा ६८ म्हणजे तुमचेच ३१४ लिटर, पण ७ मी. ला सरळ रेषेनं १०५ भरले असते, प्रत्यक्षात १३५ भरतात.

आलेखात बिघाड नाही. पंप काही मिनिटांत चालू-बंद होतो आणि तुम्ही तासातून एकदा डोकावता. हायड्रॉलिक आणि रिपोर्टिंग, दोन्ही टाइम स्टेप १ मिनिट करा.

धागाकर्ता

आभारी आहे. तळ ७२३ केला, कर्व्ह भरला, इशारे गेले. आलेखही करवतीच्या दातांसारखा नीट दिसतोय. सगळ्यात वरच्या घराला मोटर चालू व्हायच्या वेळी ७ मी. च्या आसपास मिळतंय, एकमजली घरांना तेवढं पुरे. आता मोटर तासाला किती वेळा चालू झालेली चालेल?

प्रतिसाद

सर्वात जास्त वेळा ती मागणी पंपाच्या निम्मी असताना चालू होते. तेव्हाचं एक चक्र = ४ × वापरातलं पाणी ÷ पंपाचा प्रवाह. १०० लिटर मिनिटाचा पंप धरला तर ४ × ३१४ ÷ १०० = साडेबारा मिनिटं, तासाला पाचच्या आत. छोट्या मोटरला चालायला हरकत नाही, तरी कंपनीची मर्यादा विचारून घ्या.

मला काळजी वेगळीच आहे. चाळीस घरं, घरटी पाच माणसं, जलजीवनच्या हिशोबानं माणशी ५५ लिटर, म्हणजे दिवसाला ११,००० लिटर. त्यापुढे ३१४ म्हणजे काहीच नाही. सकाळी सगळी आळी एकदम पिंपं भरायला लागली आणि लाईट गेली, तर तीन-चार मिनिटांत नळ कोरडे. ही साठवण नव्हे, मोटर सारखी चालू-बंद होऊ नये एवढीच तिची सोय. पंप बंद ठेवून एक तासाचा रन घ्या, २.२ मध्ये पीडीए (दाब कमी झाला की नळाला पाणीही कमी धरणारी पद्धत) आहे तो लावून. ग्रामसेवकांना आणि सरपंचांना तोच आलेख दाखवा.

धागाकर्ता

दाखवतो. लाईटचा भरवसा नाहीच इकडे. शेवटचं: दुकानदारानं पंपाचा एकच आकडा दिलाय, २४ मीटरला १०० लिटर.

प्रतिसाद

मग तो पंप घेऊ नका. एकाच बिंदूवरून एपानेट पंपाचा कर्व्ह (किती प्रवाहाला किती हेड, तो आलेख) काढतं तेव्हा शून्य प्रवाहाला हेड त्या बिंदूच्या १३३ टक्के धरतं, म्हणजे ३२ मी. जुन्या टाकीतल्या पाण्याचे दोनेक मीटर धरले तरी ३४. तुमची मोटर बंद व्हायची ३५ ला, म्हणजे ती कधी थांबणारच नाही. ३० मीटरला १०० देणारा बघा, आणि दुकानदाराकडून कंपनीचा पूर्ण कर्व्ह मागा. १३३ टक्के हा एपानेटचा अंदाज आहे, पंप तसाच वागेल असं नाही.