गटार रुंद आहे हो, पण ते संपतं कुठं?

वर कुणीतरी लिहिलंय की शेतात प्लॉट पाडायच्या लेआउटमध्ये रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दोन फुटी आरसीसी गटार दाखवलंय म्हणजे प्लॅन ओके. गटार आहे, पण नकाशात ते लेआउटच्या हद्दीला येऊन थांबतंय आणि पुढं नुसता बाण! त्या बाणाच्या टोकाला कुणाचं शेत आहे? बेळगावात बळ्ळारी नाल्याकाठी वडगाव-शहापूरच्या शिवारात विचारून बघा, जोराचा पाऊस लागला की भातं कशी बुडतात ते. नाला फुगून त्याची लेव्हल गटाराच्या तोंडाच्या वर गेली की दोन फुटी काय नि चार फुटी काय, पाणी उलटं आतच येणार. त्यामुळं तोंडाची लेव्हल आणि नाल्याची पूररेषा दोन्ही प्लॅनवर लिहून मागा.

गटारात किती पाणी येणार त्याचा हिशोब, म्हणजे कॅल्क्युलेशन शीटपण मागा, त्याचं नाव कुणी काढलंच नाही इथं. 4 हेक्टर जमीन, तासाला 60 मिमी पाऊस धरा. शेत असताना गुणांक (पडलेल्या पावसातला किती हिस्सा वाहून जातो तो) 0.3 धरला तर सेकंदाला 200 लिटर पाणी निघतं, घरं-काँक्रीट झाल्यावर 0.7 धरला की तेच 470 च्या आसपास, आणि काही जण बिनधास्त शेताचाच आकडा लावून मोकळे होतात. आणि हो, उताऱ्यावर 'ब' खराबा (लागवडीत न धरलेली जमीन) आहे का बघा, कर्नाटकात नाला-वाट असली सार्वजनिक जागा त्यातच येते, तिच्यावर प्लॉट पाडता येत नाही. गावनकाशा प्लॅनशेजारी ठेवला की जुना ओढा कुठल्या प्लॉटखाली गेलाय ते लगेच कळतं.