मदत हवी आहे: पेट्रात वाळवंटी तितर नेमके कुठे बघावेत?

नोव्हेंबरात दोन दिवस जॉर्डनला, पेट्रात आहोत. मागच्या खेपेला भर दुपारी सीकच्या घळीतून (पेट्रात शिरायची अरुंद वाट) गेलो. गर्दी, उंट, पक्षी जवळजवळ शून्य. एकदाच एक जोडी उतारावर तुरुतुरु वर पळाली. दुर्बीण डोळ्याला लावेपर्यंत दगडांत मिसळून गेली. आकाराने लहान, गळ्याभोवती काळा पट्टा नाही, म्हणजे चकोर नक्की नव्हेत.

यंदा सकाळी ६ला, दार उघडताच आत शिरणार. दुर्बीण ८ बाय ४२. सोबत आई आहे, तिच्या गुडघ्यांमुळे मठाच्या (अद-दैर) पायऱ्या बाद. दाणे टाकणं, रेकॉर्ड केलेला आवाज वाजवणं आम्ही करत नाही.

पायऱ्या न चढता, तास-दीड तास बसून राहण्याजोगी कोणती घळ आहे? आणि ते पाण्यावर सकाळी येतात की उन्हं कलल्यावर?