मदत हवी आहे: शेळ्यांच्या कुंपणात काळवीट शिरले आहे, बाहेर कसे काढावे?

माळकरी:
कालपासून आमच्या शेळ्यांच्या कुंपणात पूर्ण वाढ झालेले एक नर काळवीट ठाण मांडून आहे. पाठ काळीभोर असून पिळदार शिंगे सहज दोन फुटांची असतील. नाक वर करून ते बोकडाला सारखे आडवे जाते आणि शेळ्यांना पाण्याच्या टाकीजवळ फिरकू देत नाही. एका शेळीच्या बरगडीवर शिंगाचा ओरखडाही उठला आहे. कोणी जवळ गेले की ते कुंपणाच्या कडेने सैरावैरा धावते व जाळीवर आदळते. मला उद्या कामासाठी शहरात परतायचे असून मागे पत्नी एकटी राहणार आहे. त्याला हाकलावे, पकडावे की तसेच राहू द्यावे, हे कृपया लवकर सांगावे.

नान्नजचा माळ:
काळवीट हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीतील प्राणी आहे, तेव्हा त्याला हातसुद्धा लावू नये. वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर ताबडतोब कळवावे, वनरक्षक आल्यावर पंचनामा करून घ्यावा आणि जखमी शेळीची छायाचित्रे काढून ठेवावीत.

रानवाट:
तालुका कोणता, कुंपणाची उंची किती, फाटक कोणत्या बाजूला आहे आणि त्याच्या कानात बिल्ला आहे का, हे सांगितल्याशिवाय नेमका सल्ला देता येणार नाही.

चांदोबाची शेती:
एवढी चौकशी कशासाठी? दोन चांगली कुत्री आत सोडा आणि फाटक उघडे ठेवा, घटकाभरात मोकळे व्हाल. आमच्याकडे हरणे अशीच पिटाळतात.

रानवाट:
हा सल्ला कृपया कोणी अमलात आणू नये. पाठलाग झालेल्या हरणाच्या स्नायूंना अतिश्रमाने आणि भीतीने आतून इजा होते, आणि वरवर धडधाकट दिसणारे जनावर काही तासांनी किंवा काही दिवसांनीही दगावू शकते. शिवाय बंदिस्त जागेत कुत्री पाहून तेच जनावर शेळ्यांच्या कळपात घुसेल आणि त्या शिंगांपुढे शेळीचा टिकाव लागणार नाही.

माळकरी:
वनविभागाचा येथे संबंध नाही. आमची जमीन अमेरिकेत टेक्सासमध्ये, ऑस्टिनच्या पश्चिमेच्या डोंगराळ भागात आहे. कुंपण जाळीचे असून जेमतेम चार फूट उंच आहे, आणि कोरड्या ओढ्यावर खालची तार जमिनीपासून सुटली आहे. शेजारच्या मोठ्या रँचचे कुंपण मात्र आठ फुटी आहे. कानाचे अजून नीट दिसलेले नाही.

पेकानची सावली:
मग हा प्रश्न पूर्णपणे वेगळा आहे. काळवीट आणि चितळ हे दोन्ही प्राणी 1930 च्या दशकात या भागात आणून सोडले गेले. येथील कायद्याच्या दृष्टीने ते राज्याचे वन्यजीव नसून परदेशी पशुधन आहेत, त्यामुळे स्थानिक हरणांसाठी ज्या वन्यजीव अधिकाऱ्याला बोलावतात, त्याच्याकडे हे काम येत नाही. दुसऱ्याचे भरकटलेले पशुधन आपल्या जमिनीत आढळल्यास काउंटीच्या (येथील जिल्ह्याच्या) शेरीफला, म्हणजे तेथील पोलीसप्रमुखाला, लवकरात लवकर कळवावे लागते, आणि हाच नियम परदेशी जातींनाही लागू आहे. म्हणून पहिला फोन शेरीफच्या कार्यालयात आणि दुसरा त्या शेजाऱ्याला करावा.

लाल माती:
परदेशी जनावराला येथे शिकारीचा बंद हंगाम नाही. जमीन तुमची, नुकसानही तुमचे. मग गोळी घालून विषय संपवायला हरकत काय?

पेकानची सावली:
हरकत अशी की ते कोणाच्या तरी मालकीचे असू शकते. असे नर येथे मोठ्या किमतीला विकले जातात, आणि बिल्ला असलेले जनावर मारल्यास भरपाई तुम्हालाच द्यावी लागेल.

वर्धेकाठ:
आमच्याकडे विदर्भात रोह्यांनी (नीलगायींनी) तुरीचे आणि हरभऱ्याचे जे हाल केले आहेत, त्यापुढे एक काळवीट काहीच नाही. कुंपणाच्या तारेत विजेचा सौम्य झटका सोडणारी झटका मशीन बसवा, हाच खरा उपाय आहे. हेच रोही दक्षिण टेक्सासमध्येही किंग रँचने नेऊन सोडले होते आणि आता तेथे गुरांना तापाचे गोचीड पसरवण्यात त्यांचा वाटा आहे, असे वाचले आहे.

रानवाट:
झटका मशीन जनावर आत येऊ नये म्हणून असते. आत असलेल्याला ती कोंडूनच ठेवेल. माळकरी, काळवीट उडी मारू शकते, पण कुंपण दिसले की ते बहुधा खालून निसटण्याची वाट शोधते, त्यामुळे ते त्या ओढ्यातूनच शिरले असावे. डोळ्यांखालच्या काळ्या खाचेतील चिकट गंध ते खांबांना आणि काड्यांना लावते का, आणि एकाच जागी लेंड्यांचा ढीग घालते का, हे दुरून पाहावे. तसे असेल तर त्याने ही जागा आपली ठरवली आहे, आणि ते आपणहून जाईल या भरवशावर राहू नये.

माळकरी:
टाकीजवळच्या खांबावर काळपट चिकट डाग आहेत आणि त्याखालीच ढीग आहे. दुर्बिणीतून पाहिल्यावर डाव्या कानात पिवळा बिल्लाही दिसला. शेरीफच्या कार्यालयाने नोंद करून घेतली आहे. शेजारच्या रँचचा व्यवस्थापक जनावर त्यांचेच असल्याचे मान्य करतो, पण दोन दिवसांनी येतो म्हणतो. तोपर्यंत काय करावे?

रानवाट:
आधी शेळ्या हलवाव्यात, काळवीट नव्हे. खुराकाची बादली वाजवून त्यांना दुसऱ्या वाड्यात घ्यावे, तेथे पाण्याची सोय करावी आणि जखम धुऊन पशुवैद्याला दाखवावी. टाकीतले पाणी काळविटासाठी राहू द्यावे. जाळीवर ठिकठिकाणी पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या बांधाव्यात, म्हणजे धावताना त्याला कुंपण दिसेल. मात्र हे काम ते दुसऱ्या टोकाला असतानाच करावे. मालक येणार असल्यामुळे फाटक आता उघडू नये आणि ओढ्यावरची फट बंद करावी, नाहीतर ते रस्त्यावर जाईल. वहिनींनी एकट्याने आत पाऊल टाकू नये.

पेकानची सावली:
आणि चारा, पशुवैद्य व तारेच्या दुरुस्तीच्या पावत्या जपून ठेवाव्यात. जनावर परत नेताना मालकाने सांभाळाचा खर्च देण्याची तरतूद आहे. ती रक्कम ट्रेलर फाटकाबाहेर पडण्यापूर्वीच लेखी ठरवून घ्यावी.