मदत हवी आहे: शनीवर वजन वाढतं की घटतं?

नमस्कार मंडळी,

भाचा आठवीत आहे, इथेच इंदूरला. येत्या शनिवारी (योगायोग बघा) त्याच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे. त्याची योजना अशी की टेबलाशेजारी वजनकाटा ठेवायचा, येईल त्याला त्यावर उभं करायचं आणि कोणत्या ग्रहावर किती वजन भरेल त्याची चिठ्ठी हातात द्यायची. गर्दी नक्की जमेल. गुरूवरचा स्वतःचा आकडा बघून निदान एक दिवस तरी लोक छप्पन दुकानची (इथली खाऊगल्ली) वाट टाळतील. हिशेब माझ्या गळ्यात पडलाय, कारण घरात बी.एस्सी. मी एकटीच.

अडलंय शनीपाशी. एका तक्त्यात शनीचं गुरुत्व त्वरण (ग्रह किती जोराने खाली ओढतो त्याचा आकडा, पृथ्वीचा सुमारे ९.८) १०.४४ दिलंय, दुसऱ्यात ८.९६. म्हणजे इथे ४० किलो भरणारा मुलगा एका हिशेबाने साडेबेचाळीस आणि दुसऱ्याने साडेछत्तीस. बुध, शुक्र, मंगळ दोन्हीकडे जुळतात. गुरूचंही थोडं बिनसतं, २४.७९ आणि २३.१२. पण शनीचा घोळ असा की वजन वाढतं की घटतं हेच बदलतं! छापायचं काय?

दुसरं, भाचा विचारतो की मंगळाचं वस्तुमान बुधाच्या जवळजवळ दुप्पट, मग दोन्हीकडे ३.७ च कसं?

तिसरं, त्याच्या बाईंनी सांगितलंय की ग्रह बदलला तरी किलो (म्हणजे वस्तुमान) बदलत नाहीत, चिठ्ठीवर किलो लिहू नका. तत्त्वतः मान्य. पण न्यूटनमध्ये (ओढीच्या एककात) लिहिलं तर चिठ्ठी वाचणार कोण?

जाणकारांनी कृपया सांगावं. आगाऊ धन्यवाद.
– रामबागवाली

खगोलवेडा:
दोन्ही तक्ते बरोबर आहेत. १०.४४ हा निव्वळ ओढीचा आकडा आहे. शनीचं वस्तुमान पृथ्वीच्या ९५ पट, विषुववृत्तावरची त्रिज्या साडेनऊ पट. त्रिज्येचा वर्ग करून भागा, उत्तर येतं १.०६. एवढा अगडबंब ग्रह आणि ओढ आपल्यापेक्षा जेमतेम सहा टक्के जास्त, कारण तो भलताच विरळ आहे. त्याची सरासरी घनता पाण्याहूनही कमी.

८.९६ मध्ये त्याचं फिरणं धरलंय. फिरणाऱ्या ग्रहावर वस्तू बाहेर फेकली जाऊ पाहते, तेवढी ओढ कमी भासते. शनीचा दिवस साडेदहा तासांचा. एवढ्या वेगात, एवढ्या मोठ्या त्रिज्येवर, विषुववृत्तावर साधारण दीडची वजावट होते. पृथ्वीवर हीच वजावट ०.०३ आहे, म्हणून आपल्याला कधी जाणवत नाही. गुरूही दहा तासांत गरकन फिरतो, पण त्याची मुळातली ओढ इतकी दांडगी की वजावटीने फारसं बिघडत नाही. बुध, शुक्र सावकाश फिरतात, मंगळाचा दिवस आपल्याएवढाच पण ग्रह लहान. म्हणून तिथे तक्ते भांडत नाहीत.

अजून एक गंमत. या फिरण्यानेच शनी चपटा झालाय. विषुववृत्ताची त्रिज्या ६०,२६८ किलोमीटर, ध्रुवाची ५४,३६४. ध्रुवावर तुम्ही केंद्राच्या जवळ, शिवाय वजावट शून्य, त्यामुळे तिथे आकडा १२ च्या वर जातो. तुमचा ४० किलोचा मुलगा शनीच्या ध्रुवावर साडेएकोणपन्नासच्या आसपास भरेल. एकाच ग्रहावर तेरा किलोंचा फरक!

जुना_मास्तर:
वर पृथ्वीचं ०.०३ 'जाणवत नाही' म्हटलंय, पण घड्याळाला जाणवलं होतं. १६७२ मध्ये ज्याँ रिशे हा फ्रेंच खगोलज्ञ पॅरिसहून लंबकाचं घड्याळ घेऊन विषुववृत्ताजवळच्या कायेनला गेला, तर ते रोज सुमारे अडीच मिनिटं मागे पडू लागलं. लंबक आखूड करावा लागला. पुढे न्यूटनने पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी असल्याचं मांडताना हे निरीक्षण वापरलं. आजच्या आकड्यांत बोलायचं तर विषुववृत्तावर ९.७८, ध्रुवावर ९.८३. त्या ४० किलोच्या मुलाला इंदूरहून उत्तर ध्रुवावर नेलंत तर काटा दोनशे ग्रॅमला थोडं कमी एवढं जास्त दाखवेल.

बुध-मंगळाचं म्हणाल तर सरळ भागाकार करा. मंगळाचं वस्तुमान बुधाच्या १.९४ पट, आणि त्रिज्येचा वर्ग १.९३ पट. खेळ बरोबरीत सुटला. बुध एवढासा असून वजनदार, कारण त्याच्या त्रिज्येचा ८० टक्क्यांहून जास्त भाग लोखंडी गाभ्याने व्यापलाय.

पोहे_विथ_सेव:
भिया, किलोवाल्या भानगडीचं उत्तर सराफ्यात आहे. रात्रीच्या खाऊगल्लीत नाही, दिवसाच्या सोन्याच्या दुकानांत. जुना दोन पारड्यांचा तराजू मंगळावर न्या, दहा ग्रॅम सोनं दहा ग्रॅमच भरेल, कारण वजनमापंही तेवढीच हलकी होतात. तुमचा बॅटरीवाला काटा मात्र खालचा दाब मोजतो आणि पृथ्वीचा हिशेब धरून किलो दाखवतो. तो मंगळावर ४० चे १५ सांगेल. बाईंचंही राहिलं, तुमचंही: चिठ्ठीवर लिहा 'हाच काटा तिथे किती दाखवेल'.

रामबागवाली:
वा! हे वाक्य जसंच्या तसं छापते. एक शंका उरली. शनीला जमीनच नाही, मग काटा ठेवायचा कुठे? हे कुणीतरी आगाऊ पोरगं विचारणारच.

खगोलवेडा:
विचारू द्या, चांगला प्रश्न आहे. वायूच्या ग्रहांचा 'पृष्ठभाग' हा ठरवून घेतलेला असतो. वातावरणाचा दाब जिथे १ बार, म्हणजे साधारण आपल्या समुद्रसपाटीवर असतो तेवढा होतो, ती पातळी. तिथे काटा तरंगता धरायचा, कल्पनेतच. डिसेंबर १९९५ मध्ये गॅलिलिओ यानाची कुपी गुरूच्या वातावरणात सोडली होती. ती हवाईछत्रीने खाली खाली जात तासाभराच्या आत गप्प झाली, जमीन काही लागली नाही.

गुणक देतो, इथल्या वजनाला गुणा: बुध ०.३८, शुक्र ०.९०, मंगळ ०.३८, गुरू २.५३, युरेनस ०.९०, नेपच्यून १.१४, आणि चंद्र हवाच, ०.१७. हे फिरणं न धरता आहेत. शनीला दोन ओळी द्या: फिरणं न धरता १.०६, विषुववृत्तावर फिरणं धरून ०.९१. ज्याला जी आवडेल ती त्याने घरी दाखवावी.

रामबागवाली:
भाचा ध्रुवाचीही तिसरी ओळ टाक म्हणतोय, १.२४ ची. टाकते. चिठ्ठीवर जागा करायला प्लूटो काढला.