शहापूर-मुरबाडच्या रस्त्यांवर सायकलवाल्यांना बंदी? आधी माझं ऐका

मुलुंड चेकनाका
कालपासून एक पोस्ट फिरतेय. तिचा मजकूर थोडक्यात असा: "लाखांच्या सायकली घेऊन रविवारी किन्हवली रस्त्यावर येणाऱ्या मुंबईकरांना आमच्या शहापूर-मुरबाडच्या रस्त्यांवर बंदी घाला. माझी चुलती डोक्यावर हंडे घेऊन कडेने चालली होती. यांचा घोळका मागून ओरडत आला, ती दचकली, हंडे पडले. एकही थांबला नाही."

हंडे पडले हे वाईटच झालं. पण एका घोळक्यापायी सगळ्यांना बंदी? अकरा वर्षं मी हा रस्ता करतोय. पहाटे चारला घर सोडायचं. माजिवडा, मानकोली, पडघा करत उजाडता उजाडता शहापूर गाठायचं. तिथून सापगावला भातसेचा पूल ओलांडून किन्हवली, सरळगाव, मुरबाड, कल्याण आणि परत घर. दीडशेच्या आसपास किलोमीटर होतात. त्यातला जिवाला बरं वाटणारा तुकडा एकच, सापगाव ते सरळगाव. मागे माहुलीचे सुळके, लांबवर सह्याद्रीची भिंत, मे महिन्यात कडेला पानाच्या द्रोणात करवंदं घेऊन बसलेली पोरं. एवढ्यासाठी आम्ही आठवडाभर लोकलचे धक्के खातो.

गेल्या वर्षी पडघ्याजवळ डंपरचा आरसा माझ्या कोपराला घासून गेला. बाही फाटली, कातडी सोलली, दोन इंच आत असता तर आज हे लिहायला नसतो. त्या डंपरला बंदी घाला म्हणून कोणाची पोस्ट आली नाही. नऊ-दहा किलोच्या, धूर न सोडणाऱ्या वाहनावर मात्र बंदी! आणि लाखांचं म्हणाल तर माझी सायकल सेकंडहँड आहे, तीही हप्त्याने घेतलेली.

त्या रविवारी आमचाही ग्रुप त्याच रस्त्यावर होता. आमच्यातला कोणी असं करणार नाही, हे छातीठोकपणे सांगतो.

सहाशे बीआरएम
शंभर टक्के सहमत. एक्सप्रेस वेवर सायकल चालत नाही, समृद्धीवर चालत नाही. इगतपुरी-आमणे टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला, तिथेही आपल्याला जागा नाही. आता गावातल्या रस्त्यांवरही नको, मग चालवायची कुठे, गच्चीवर? दोनशे किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राइड, साडेतेरा तासांत संपवायची तर सरावाला असेच चढउताराचे रस्ते लागतात. घोळक्यात चालवणं सुरक्षितही असतं, मागून येणाऱ्या ट्रकला लांबून दिसतो आपण.

आणि एक सांगू का, पायी चालणाऱ्याने रस्त्याच्या उजव्या कडेने चालावं, म्हणजे समोरून येणारं वाहन दिसतं. शाळेतच शिकवतात हे.

किन्हवलीकर
पोस्ट माझी आहे. मी काही शेतात बसून लिहिलेली नाही. रोज आसनगाव लोकल पकडून मुंबईत कामाला येतो, तुमच्यासारखेच धक्के खातो.

उजव्या कडेने चालायचं शिकवणारे साहेब, त्या रस्त्याची उजवी कड बघितली आहे का कधी? डांबर संपतं तिथे वीतभर खोल तुटलंय आणि पुढे सुटी खडी आहे. डोक्यावर दोन हंडे, कमरेवर कळशी घेऊन तुमच्या आईला चालवा त्यावरून. मग नियम सांगा.

नीट ऐका काय झालं ते. चुलती अठ्ठावन्न वर्षांची आहे. मे महिन्यात विहिरीच्या तळाला झरा उरतो. बाया आत उतरून वाटीने पाणी हंड्यात भरतात, एक हंडा भरायला वीस-वीस मिनिटं लागतात. ती पहाटे चारला नंबर लावून बसली होती, म्हणजे तुम्ही मुलुंडहून निघालात तेव्हाच. सव्वासातला शाळेच्या वळणाच्या पुढे होती. मागून एकदम "लेफ्ट, लेफ्ट, लेफ्ट!" वरचा हंडा खडीवर आपटला, बूड चेपलं. पाणी डांबरावर पसरलं आणि तिच्यादेखत सुकलं. ती परत विहिरीवर गेली आणि पुन्हा नंबर लावला. घरी आली तेव्हा साडेदहा वाजले होते.

दादरची रायडर
सहाशे बीआरएम, तुमचा उजव्या कडेचा मुद्दा मागे घ्या. लाज वाटली वाचून.

मी एकटीच चालवते आणि घोळक्यांची मलाही भीती वाटते. मागून सहा जण पस्तीसच्या स्पीडने किंचाळत आले की माझं हँडल हलतं, तर हंडेवालीचं काय होत असेल! पण बंदी मलाही मान्य नाही. खरं दुखणं आहे ते लोकलचं. कसाऱ्यापर्यंत गाडी जाते, पण सायकल न्यायची तर सामानाच्या डब्यात दर वेळी हुज्जत. मागच्या महिन्यात एकाने माझं चाक पायाने ढकललं, गिअर बदलणारा डिरेलर वाकला, रविवार तिथेच संपला. पहाटेच्या एका गाडीत सायकलींना हक्काची जागा द्या, निम्मी माणसं त्या अंधाऱ्या हायवेवर जाणारच नाहीत.

वाशिंद फास्ट
ताई, लोकलचं राहू द्या, आसनगावच्या पुढच्या लोकांना उभं राहायला जागा मिळत नाही त्या गाडीत.

किन्हवलीकरांनी विहिरीचा विषय काढलाच आहे तर पुढचं मी सांगतो. मुंबईला लागणारं जवळपास निम्मं पाणी एकट्या भातसेचं. पिसेला उचलायचं, पांजरापूरला शुद्ध करायचं की चालले तुमच्याकडे. तानसा तर १८९२ पासून देतेय. दोन्ही धरणं शहापूर तालुक्यात, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांना दर उन्हाळ्यात टँकर! पावसाळ्यात आमच्याकडे धो धो कोसळतं, पण खाली काळा कातळ, मुरत काही नाही. सगळं वाहून खाली धरणात जातं आणि धरणातून पाइपात. पाडे राहतात वर. पाइपाच्या शेजारून हंडा घेऊन चालणाऱ्या बाया बघितल्यात का? मी लहानपणापासून बघतोय. तुमच्या सायकलच्या बाटलीत असतं ते पाणी आमच्या खोऱ्यातलं आहे, एवढं लक्षात असू द्या.

चाळकरी गिरगाव
हे दरवेळचंच झालं. मोडकसागर, मध्य वैतरणा कोणाच्या पैशांनी बांधली? मुंबई महापालिकेच्या, म्हणजे आमच्या करातून. आमच्या चाळीत पाणी पहाटे साडेचारला येतं आणि सहाला जातं. माझ्या आईचं आयुष्य पिंप भरण्यात गेलं, गुडघे गेले तिचे. मुंबईकर म्हणजे सगळे शॉवरखाली उभे आहेत असं समजू नका.

वाशिंद फास्ट
पण भातसा राज्य सरकारचं धरण आहे, पालिकेचं नाही. आणि पैसे कोणाचे हा प्रश्न आहे का? जमीन कोणाची बुडाली? माझ्या आजीचं माहेर पाण्याखाली आहे. ती पाण्याकडे बोट दाखवून सांगायची, तिथे आमचा आंबा होता. भावली धरणाचं पाणी उताराने आणून शहापूरच्या गावांना देणार, हे किती वर्षं ऐकायचं? तुमचे पाइप मात्र वेळेत पूर्ण होतात.

चाळकरी गिरगाव
आजीचं माहेर बुडालं त्याला मी काय करू? मी बुडवलं का?

वाशिंद फास्ट
तुम्ही नाही बुडवलं. पण "आमच्या करातून" म्हणताना जरा थांबा, एवढंच मागतोय. तुमच्या आईच्या गुडघ्यांचं वाचून वाईट वाटलं, ते खोटं नाही.

चाळकरी गिरगाव
ठीक आहे. तालुक्यात धरण असताना तालुक्याला टँकर लागू नये, हे मलाही पटतं. पाण्यावर पहिला हक्क तिथल्यांचा, मान्य. पण मुंबईला शिव्या घालून भावलीचा पाइप येणार नाही. त्यासाठी तुमच्याच निवडून दिलेल्यांची मानगूट धरा.

सहाशे बीआरएम
आपण सायकलवर बोलत होतो. बरं, उजव्या कडेचं वाक्य चुकलं माझं. तो रस्ता मी अंधारात केलाय, कड पाहिलेली नाही. पण ओरडतो ते चालणाऱ्याला सावध करायला, हेही समजून घ्या. न ओरडता जवळून गेलो तर धक्का लागेल.

किन्हवलीकर
मग स्पीड कमी करा ना. बैलगाडीवाला करतो, एसटीवाला करतो. आमच्या रस्त्यावर तुमचं घड्याळ चालू असतं, तेवढ्यासाठी ती म्हातारी खडीत उतरायची?

आणि मुलुंडवाले, छातीठोकपणे सांगितलंत ना? पोपटी जर्सी होत्या. आठ-नऊ जण. सगळ्यात मागच्याच्या सीटखाली दिवसाढवळ्या लाल दिवा लुकलुकत होता. चुलतीने सांगितलं, ती खोटं बोलत नाही.

मुलुंड चेकनाका
कालपासून हे वाचून बसलोय. उत्तर द्यायला उशीर झाला.

पोपटी जर्सी आमचीच. आम्ही आठ जण होतो. मी पुढून दुसरा. "लेफ्ट" ओरडणाऱ्यांत मीही होतो. मागे काहीतरी धातूचं पडल्याचा आवाज मला ऐकू आला होता. कोणाची तरी स्टीलची बाटली पडली असेल, मागचे बघतील, असं वाटलं आणि मी मान वळवली नाही. चढ होता, लय तुटली असती. रात्री ग्रुपवर विचारलं. मागच्या दोघांनी हंडा पडताना बघितला होता. पुढचे थांबले नाहीत म्हणून तेही थांबले नाहीत.

छातीठोकपणे लिहिलं ते मी मागे घेतो. हंड्याची नुकसानी भरून देऊ, येऊन माफी मागू. पण बंदीला माझा विरोध कायम आहे. चूक आठ जणांची, रस्ता सगळ्यांचा.

किन्हवलीकर
चुलतीला वाचून दाखवलं. हंडा नको म्हणाली, तांबटाकडून पोचा काढून घेतलाय. ओरडू नका, घंटी वाजवत या, म्हणाली. तुमच्या सायकलींना घंटी नसते हे मी तिला सांगितलं नाही.

मुलुंड चेकनाका
नव्हती. आज आठही सायकलींना लावायला घेतली आहे. येत्या रविवारी शाळेच्या वळणापासून गावाबाहेर पडेपर्यंत एकामागे एक, ताशी पंधराच्या वर स्पीड नाही.

किन्हवलीकर
या. विहीर वळणाच्या डाव्या हाताला आहे, सहाच्या आधी आलात तर सगळ्या बाया भेटतील. पोस्ट मी काढणार नाही.