कम्युनिटी कॉलेजातून डिग्री: कुणी केलंय का? अनुभव लिहा

आम्ही बे एरियात. लेक हायस्कूलच्या सीनियर इयरला (बारावीला) आहे, आणि स्वतःच म्हणतेय की दोन वर्षं इथल्याच कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांचं स्थानिक सरकारी कॉलेज) जाते, मग यूसीला (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) ट्रान्सफर. हिशोब मांडला तर कॅलिफोर्नियातल्या रहिवाशांना युनिटला (क्रेडिटला) 46 डॉलर, म्हणजे दोन वर्षांच्या 60 युनिटचे 2,760. यूसीची नुसती ट्यूशन वर्षाला 15,000 च्या आसपास, डॉर्म आणि जेवण वेगळंच. मला पटतंय, पण सासूबाईंनी पुण्याहून विचारलं, "मार्क कमी पडले का गं?" आणि मला काही बोलताच येईना. ज्यांनी केलंय त्यांनी लिहा, वाईट असेल तेही लिहा.

फ्रीमाँटकर
आमच्या मुलाने केलं. टॅग (ट्रान्सफर अ‍ॅडमिशन गॅरंटी) म्हणून प्रकार असतो, अटी पूर्ण केल्या की अ‍ॅडमिशन पक्की, पण सहाच यूसींना: डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा, सँटा क्रूझ. बर्कली, एलए, सॅन डिएगोला नाही. तो अर्ज फक्त सप्टेंबरात भरता येतो, ऑक्टोबरात जाग आली तर गेलं. कुठला कोर्स कुठे चालतो हे असिस्टच्या साइटवर पहिल्याच सेमिस्टरला बघा. आमच्याला केमिस्ट्री लॅबची सीटच मिळेना, एक सेमिस्टर वाढली. आणि घरी राहून पैसे वाचतात म्हणता म्हणता गाडी घ्यावी लागली, अठरा वर्षांच्या पोराचा इन्शुरन्स काय असतो ते विचारू नका!

एडिसनची मावशी
न्यू जर्सीत 2007 पासून कायदाच आहे, एए किंवा एएस (कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षांची आर्ट्स किंवा सायन्सची डिग्री) घेतली की सरकारी फोर-इयर कॉलेजात सगळे क्रेडिट धरतात. आमची माती झाली ती एका 'ए' मुळे. काउन्सेलर म्हणाली एएएस (अप्लाइड सायन्सची, थेट नोकरीसाठीची डिग्री) घ्या, नोकरी पटकन लागेल, आम्हीही मान डोलावली. नंतर कळलं की ती डिग्री त्या नियमात बसतच नाही, बरेच कोर्स पुन्हा करावे लागले, म्हणजे वाचवलेले पैसे तिथेच गेले. काउन्सेलर काय सांगते ते लेखी घ्या, आणि तरी स्वतः ताडून बघा.

पॉलीवाला
सासूबाईंना सांगा, डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयर, तसंच हे. मी सांगलीत तेच केलं. पहिले काही महिने बारावीवाले बघून नाकं मुरडायचे, पण वर्कशॉपात गेलो की तेच मला विचारायला यायचे. डिग्रीवर कुणी लिहीत नाही की हा मागच्या दाराने आला.

मी स्वतः ट्रान्सफर
आम्ही एच-4 वर (बाबांच्या वर्क व्हिसावरचा डिपेंडंट व्हिसा) होतो, त्यामुळे फाफ्सा (सरकारी मदतीचा अर्ज) वगैरे काही नाही, बाबांच्या एकट्याच्या पगारावर दुसरा पर्यायच नव्हता. पैसे वाचले हे शंभर टक्के खरं. पण तिसऱ्या वर्षी गेले तेव्हा सगळ्यांचे ग्रुप झालेले, आणि रूमची चावी हातात येते न येते तोच इंटर्नशिपचे फॉर्म भरायची वेळ. बाकीच्यांचे प्रोफेसर ओळखीचे, माझी शिफारस कोण लिहिणार? कम्युनिटी कॉलेजच्या मॅथ्सच्या सरांनी लिहिली, तीस जणांच्या वर्गात त्यांना माझं नाव माहीत होतं म्हणून. अजून एक, फ्रेशमनला (पहिल्या वर्षाला येणाऱ्यांना) देतात त्या मेरिट स्कॉलरशिप ट्रान्सफरला बरेचदा नसतात, तेव्हा तुलना करताना छापील फी धरू नका, हातात आलेल्या ऑफर धरा.

उशिरा आलेली
धाकटं असेल तर हायस्कूलमध्येच ड्युअल एनरोलमेंट (शाळेत असतानाच कम्युनिटी कॉलेजचे कोर्स) करून घ्या, कॅलिफोर्नियात त्याची ट्यूशन माफ असते. फक्त तिथला सी ग्रेड कायमचा कॉलेज रेकॉर्डवर बसतो, आमच्याकडे बसलाय.

धागाकर्ती
सगळ्यांना थँक्यू! असिस्ट उघडून बसलोय दोघी. सासूबाईंना डायरेक्ट सेकंड इयर सांगितलं, लगेच पटलं. आता विचारतायत, मग डिप्लोमाला किती टक्के लागतात तिकडे?