नट घेतले म्हणून फसवणूक?
कुणीतरी म्हटलंय की कौटुंबिक माहितीपटात नट घेऊन जुनी दृश्यं उभी करणं ही शुद्ध फसवणूक. मला नाही पटत. दिग्दर्शिका सारा पॉली यांच्या स्वतःच्या कुटुंबावरच्या 'स्टोरीज वी टेल' (२०१२) या माहितीपटात घरच्या खऱ्या चित्रफितींत सुपर ८ वर, म्हणजे जुन्या घरगुती कॅमेऱ्यांच्या छोट्या फिल्मवर, नट घेऊन चित्रित केलेले तुकडे बेमालूम मिसळलेत, आणि पुढे तेही स्वतःच उघड केलंय. साराची आई हयात नाही. तिच्याबद्दल भावंडं, वडील, मित्र सांगतात ते एकमेकांशी जुळत नाही. निवेदन वडिलांनी स्वतः लिहून वाचलंय, आणि सारा मध्येच थांबवून एखादी ओळ पुन्हा वाचायला लावते! सगळा कारखानाच समोर मांडलाय, मग फसवणूक कसली?

आपल्या गोव्यात तर खऱ्या फिती मिळायच्या कुठून? आमच्या फोंड्याच्या घरी १९६१ च्या डिसेंबरची, गोवा मुक्त झाला तेव्हाची, हकीकत आजी एक सांगायची, काका भलतीच. कॅमेरा कुणाकडेच नव्हता. अशा घरावर माहितीपट करायचा तर माणसांना बोलतं करण्यावाचून गत्यंतर नाही. फक्त प्रत्येकाला वेगवेगळं बसवा. एकत्र बसवलं की थोरल्या काकांचीच कथा चालते आणि बायका चहा करायला आत.